तीसपैकी तीस

३ डिसेंबर २०२५

फुलपाखरं घरी आली. शेजारचा क्लेमेंट रोज पहाटे टेम्पोतून दादरला फुलं नेतो आणि येताना रिकामा येतो, म्हणून त्यालाच गळ घातली. सहा जाळीचे पिंजरे, दोन हीटर, मक्याच्या बियाण्याची गोणी आणि मी, एवढं सामान संस्थेच्या मागच्या दारातून निघालं. क्लेमेंट म्हणाला, "आयुष्यभर फुलं पोचवली, फुलपाखरं परत आणतोय पहिल्यांदाच. हायवेवर कोणी अडवलं तर माल काय सांगू, ॲली?"

माझ्या मार्गदर्शक विनया मॅडम टेम्पोपर्यंत आल्या होत्या. या महिनाअखेर त्या निवृत्त होतात. प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या गटाला गेली. खोली रिकामी करताना कोणीतरी गोठवणपेटीचं बटण बंद केलं आणि जुन्या पिढ्यांचे सगळे नमुने सडले. कोणी केलं ते शोधण्यात अर्थ नाही. आता माझ्या साडेसहा वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणजे ही जिवंत साठ फुलपाखरं, एकोणचाळिसावी पिढी. मॅडम म्हणाल्या, "माणसांच्या हिशेबात चाळीस पिढ्या म्हणजे हजार वर्षं, ॲलिस्टर. सांभाळ."

प्रयोगाची वही वेगळी आणि मनाची वेगळी ठेव, असंही त्याच सांगायच्या. म्हणून ही दुसरी वही.

५ डिसेंबर

केळी पिकवायची जुनी खोली झाडून घेतली. पप्पांना पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षं ती बंदच होती. कौलं नीट आहेत. हीटर लावला की सत्तावीस अंश टिकतात.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवताना दोनच गोष्टी मागितल्यात. चाळिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या पिढीतही पंखावरचा नवा डोळा, म्हणजे डोळ्यासारखा गोल ठिपका, टिकतो हे दाखवा, आणि तो घडत असताना अळीच्या अंगातच तयार होणाऱ्या पंखात पाय घडवणारं जुनं जनुक पेटतं याचे फोटो द्या. मुदत ३१ मार्च. त्यानंतर नोंदणीच रद्द. एका पिढीला सहा-सात आठवडे लागतात. दोन पिढ्या बसतात, पण एकही चूक बसत नाही.

७ डिसेंबर

रविवार. मिस्सा आटोपून इझाबेल आली. माझी मोठी बहीण, सांडोरला शाळेत शिकवते. खोलीत डोकावून म्हणाली, "लोक म्हशी पाळतात, डुकरं पाळतात. माझ्या भावाने हा गोठा केलाय! दूध किती देतात रे?"

पप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. हसले नाहीत. इझाबेल त्यांच्यासाठी दाबायचा रबरी चेंडू घेऊन आली होती, व्यायामाला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून तिच्याच पिशवीत टाकला. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो. कोणा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

आईचं नाव मार्था आणि बायबलातल्या मार्थेसारखीच ती सतत कामात. आत बोलावून म्हणाली, "तुझा पप्पा दिवसभर बावखलाकडे बघत बसतो. जेवलास का विचारलं तर म्हणतो, मी कशाला जेवू, मी काय केलं आज?"

वाडी अर्धी ओस आहे. विहीर खारी झाली. बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी तेवढं अजून गोडं, म्हणून त्याच्या कडेच्या चार ओळी आणि गवत हिरवं आहे. एके काळी आगाशीपर्यंत लोक पप्पांचं नाव घेऊन सांगायचे की सिप्रियनच्या वाडीत नांगी दिसायची नाही. रोप मेलं की रिकामी राहणारी जागा ती नांगी. पप्पा आठवडाभरात तिथे दुसरं रोप लावून मोकळे व्हायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर ओळी मोजत चालायचो. रिकामी जागा आली की ते थांबायचे, मी केळीचं पिल्लू, बुंध्याशी फुटलेलं रोप, घेऊन पळत यायचो.

१४ डिसेंबर

अंडी फुटली. चाळिसावी पिढी. डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा अळ्या, डोक्यावर दोन शिंगं.

२० डिसेंबर

अळ्या वाटून टाकल्या. प्रत्येक पिंजऱ्यात तीस. मी विरारच्या कॉलेजात तासिकेवर शिकवतो, सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते तीन घरी नसतो. अळ्यांना खायला पिंजऱ्यात ठेवलेल्या मक्याच्या रोपांना पाणी घालायचं काम पप्पांना दिलं. आईनेच सुचवलं. डाव्या हाताने झारी धरतात, निम्मं पाणी बाहेर जातं. पण घालतात.

आज पहिल्यांदा त्यांनी विचारलं की हे नक्की काय आहे. ते घरच्या बोलीत बोलतात, मी इथे सरळ मराठीत लिहितो.

मी सांगितलं की अळीच्या अंगात एक जनुक आहे. त्याचं काम पाय घडवणं. माशीत ते बिघडलं तर पायाचं टोकच येत नाही. कोट्यवधी वर्षं ते हेच काम करत आलं. मग या फुलपाखरांच्या पूर्वजांत कधीतरी ते पंखावर चालू झालं आणि तिथे गोल डोळा उमटला. पक्षी त्या डोळ्याला चोच मारतो, फुलपाखराचा जीव वाचतो. मी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पंखाच्या अशा कोपऱ्यात डोळा आणलाय जिथे तो नसतो. तिथेही तेच जनुक पेटतं का, एवढाच माझा प्रश्न.

"म्हणजे जनुक नवं नाही?"

"नाही. जुनंच. त्याला माहीत असलेलं काम ते करतं. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. जागा बदलली की त्याच कामातून वेगळंच काहीतरी तयार होतं."

"आपल्या पाण्याच्या मोटारीसारखं. विहिरीवर होती, बावखलावर नेऊन बसवली."

"पण मोटार विहिरीवरून काढावी लागली, पप्पा. हे जनुक पायाचं काम सोडत नाही. सोडलं तर अळी मरेल. जुनं न सोडता नवं मिळतं, म्हणून तर एवढी गंमत."

बराच वेळ ते अळ्या बघत होते. मग म्हणाले, "ह्या आपल्या गवतावरच्याच आहेत की. मांजरासारख्या तोंडाच्या."

जात तीच आहे, मी म्हटलं, दिसायलाही तशाच. पण ह्यांच्यामागे चाळीस पिढ्या आहेत.

"आणि तीसच का?"

"गर्दी झाली तर पंख बारीक होतात, कमी पडल्या तर मोठे. सगळीकडे सारख्याच हव्यात. तिसाच्या खाली गेलं तर परीक्षक तो पिंजराच धरणार नाहीत."

"तीस," ते म्हणाले. वाडीतले आकडे पाठ करायचे तसं दोनदा म्हणाले.

२५ डिसेंबर

नाताळ. सगळे पिंजरे पूर्ण. अळ्या जोमात. आईने पिंजऱ्यांच्या मध्ये एक मेणबत्ती लावू का विचारलं. नको म्हटलं.

३ जानेवारी २०२६

रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. पहाटे उठलो तेव्हा खोलीत चौदा अंश. माझ्या श्वासाची वाफ दिसली नाही एवढंच.

मोजल्या. बावीस, एकोणीस, सतरा, वीस, चौदा, अठरा. एकशे ऐंशीपैकी एकशे दहा. मातीवर काळ्या पडलेल्या पाच-सहा सापडल्या, बाकीच्यांचं काय झालं कळत नाही. मुंग्यांनी नेल्या असतील.

जेवताना बोललो ते बोलायला नको होतं. म्हटलं, एकाही पिंजऱ्यात तीस नाहीत, आता हे गेलं, साडेसहा वर्षं गेली, आता मी कोणालाच काही दाखवू शकत नाही. आईने क्रूसाची खूण केली. पप्पांनी ताट सरकवलं. "सत्तर कमी," ते म्हणाले. वजाबाकी त्यांची अजून माझ्यापेक्षा जलद आहे.

४ जानेवारी

मॅडमना कळवलं नाही. काय कळवणार?

आई नाताळच्या नानकटाईच्या डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडत होती. विचारलं तर म्हणाली, सुकेळी ठेवायला, वारा लागतो. घरात सुकेळी कुठे आहेत? पण वाळवायचा विचार असेल. तिच्याशी बोलायचंही त्राण नव्हतं.

९ जानेवारी

कॉलेजातून येऊन पिंजरा एक आणि दोन मोजले. तीस. तीस.

पुन्हा मोजले. तीसच.

१३ जानेवारी

सहाही पिंजरे पूर्ण. मला हे समजत नाही. या अळ्या दिवसा रोपाच्या मुळाशी लपतात, थंडीत मातीत शिरल्या असतील, त्या दिवशी मी घाबरून नीट शोधलं नसेल. मातीवरच्या त्या काळ्या पाच-सहाही टाकलेल्या काती असतील. मोजणी चुकली. चुकलीच असली पाहिजे, कारण मेलेल्या अळ्या परत येत नाहीत. काही थोड्या हिरवट वाटल्या. मका कोवळा आहे, त्याचा रंग असेल.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "संत जोजफची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली होती मी. आज नववा दिवस."  पप्पा मान खाली घालून भात कालवत होते. पण जेवले भरपूर.

शंका येते. शंका आली की मी मार्चचं पान उघडून मुदत बघतो, आणि शंका जाते. हे इथे लिहून ठेवतो, प्रयोगाच्या वहीत लिहीत नाही.

१८ जानेवारी

इझाबेल आली होती. म्हणाली, "पप्पांचा रंग सुधारलाय. काय खायला घालतेस गं आई?"

"चालतो आता. दुपारी झोपत नाही, वाडीत जातो. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, चाला. कोणाचं ऐकलं नाही."

त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत गवताची कुसळं चिकटलेली असतात. आई ती वेचत बसते आणि तक्रार करत नाही. घरात निदान कोणाचं तरी बरं चाललंय.

कोष झाले. एकशे ऐंशी कोष, हिरवे, पानाखाली उलटे लटकलेले.

२८ जानेवारी

फुलपाखरं बाहेर आली. एकशे सत्त्याहत्तर. तीन कोष उघडले नाहीत.

एकोणसत्तर फुलपाखरांना नवा डोळा नाही.

अर्धवट, पुसट, बारीक, असंही काही नाही. पंखाचा तो कोपरा कोरा आहे. गेल्या सहा पिढ्यांत एकही कोरं निघालं नव्हतं.

२९ जानेवारी

कॉलेजला गेलो नाही. दिवसभर पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून राहिलो. ती पिकलेल्या वेलची केळ्यावर सोंड टेकवून शांत बसलेली असतात, डोळा असलेली आणि नसलेली शेजारी शेजारी. पप्पा दारात आले, म्हणाले, "सगळी निघाली ना?" हो म्हटलं. "मग तोंड का असं?" त्यांना काय सांगू? "कामाला येतील ना?" येतील, म्हटलं.

३० जानेवारी

एक विचार सुचला आणि त्याने उठवून बसवलं. या जातीत थंडीत पंखावरचे डोळे तसेही आखडतात, पावसाळ्यात मोठे होतात. त्या पहाटेच्या थंडीने नवा डोळा बंद पाडला असेल. जुने डोळे जुने, मुरलेले, ते टिकले. नवं काम कच्चं, ते आधी गेलं. म्हणजे डोळा मेला नाही, झोपलाय. हे खरं असेल तर कोऱ्या पंखांच्या फुलपाखरांतही माझ्याच वंशाचं जनुक आहे, आणि पुढच्या पिढीला ऊब मिळाली की डोळा परत उमटेल. परीक्षकांनी मागितलं त्याहून हे मोठं ठरेल.

हे तपासायचं तर सगळ्यांना एकत्र सोडायला हवं, वेगळं काढून चालणार नाही.

३१ जानेवारी

सगळी एका मोठ्या जाळीत सोडली. संध्याकाळपर्यंत जोड्या लागल्या.

४ फेब्रुवारी

आता मॅडमना फोन केला. आधी करायला हवा होता, हे मला फोन लावतानाच माहीत होतं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थंडीने डोळे लहान झाले असते, सगळ्यांचे, थोडे थोडे. तू सांगतोस काहींचे पूर्ण आहेत आणि काहींचे मुळीच नाहीत. हे थंडीचं काम दिसत नाही. वीज गेली त्या रात्री किती अळ्या मेल्या?"

"एकही नाही."

"एकही नाही?"

"शेवटी मोजल्या तेव्हा तीसपैकी तीस होत्या, मॅडम. सहाही पिंजऱ्यांत."

 मग हळू आवाजात म्हणाल्या, "ॲलिस्टर, चाळीस पिढ्यांत आपल्याकडे सगळ्या अळ्या कधीच जगल्या नाहीत. सगळं नीट असतानासुद्धा दहातल्या दोन जायच्याच. तू मला जे सांगतोयस ते तुझं तूच एकदा ऐक."

मी फोन ठेवला. त्यांना वाटतंय मी आकडे बनवले.

५ फेब्रुवारी

अंडी फुटायला लागली. एक्केचाळिसावी पिढी.

१२ फेब्रुवारी

वाटल्या. तीस तीस. पप्पा शेजारी उभे राहून मोजत होते. मी अठ्ठाविसाला थांबलो तेव्हा म्हणाले, "दोन राहिल्या." बरोबर होतं.

१७ फेब्रुवारी

रोज दोन-तीन मरतात, रोज संध्याकाळी पुन्हा तीस भरतात. मी मोजणं थांबवलेलं नाही. विचार करणं थांबवलंय.

मॅडमचा ईमेल आला होता. फक्त एवढंच: "माझा तुझ्यावर विश्वास आहे. म्हणूनच सांगते, पिंजऱ्यांपाशी एक पूर्ण दिवस बस." मी उत्तर दिलं नाही. उद्या राखेचा बुधवार, कॉलेजात दोनच तास आहेत.

१८ फेब्रुवारी

दुसरा तास रद्द झाला. चर्चमध्ये कपाळाला राख लावून साडेअकराला घरी आलो. आई अजून चर्चमध्येच होती. मागच्या बाजूने खोलीकडे जाताना बावखलाच्या कडेला पप्पा दिसले.

ते गवतात गुडघ्यांवर बसले होते. कपाळावर राख. सकाळी शेजाऱ्यांपैकी कोणी गाडीतून नेऊन आणलं असणार. डाव्या हाताने एकेक पान उलटून बघत होते. एका पानाखाली काहीतरी सापडलं, तर पानच खुडलं, झटकलं नाही, फुंकर मारली आणि डब्यात ठेवलं. आईचा नानकटाईचा डबा, भोकं पाडलेला. तो त्यांनी उजव्या हातात धरला होता. ज्या हाताने दोन वर्षांत चहाचा कप धरला नाही त्या हातात.

मी माडाच्या आडच थांबलो.

ते उठले. उठायला वेळ लागला. खोलीत गेले, मी खिडकीशी आलो. पिंजरा चार उघडून त्यांनी मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, जपमाळ म्हणतात त्या चालीवर. सत्तावीसला थांबले. डब्यातून तीन काढून रोपांवर ठेवल्या, प्रत्येकीला वेगळं रोप. "एक नांगी नाही," स्वतःशीच म्हणाले. मग पाचव्या पिंजऱ्याकडे वळले.

ओरडायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मागे फिरलो. फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. क्लेमेंटची बायको म्हणाली, "काय रे ॲली, किल्ली विसरलास?" हो म्हटलं.

रोजच्या वेळेला, साडेतीनला, पुढच्या दाराने घरात आलो.

त्याच दिवशी, नंतर

प्रयोगाची वही काढली. ३ जानेवारीला कमी पडलेल्या सत्तर. २८ जानेवारीला बिनडोळ्याची एकोणसत्तर. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात, तीन पानांच्या अंतरावर.

निव्वळ एकशे दहा राहिल्या असत्या तरी चाललं असतं. परीक्षकांना सांगता आलं असतं, वीज गेली, संख्या कमी आहे. त्यांनी कुरकुर केली असती, पण वंश शुद्ध होता. नंतरसुद्धा डोळ्याची तेवढी वेगळी काढली असती तर काहीतरी वाचलं असतं. ती सगळी एका जाळीत सोडली ती मी. तिसाच्या खाली चालणार नाही असं वाढवून सांगितलं तेही मीच.

आता बावखलाकाठच्या गवतातलं काय आणि हजार वर्षांचं काय, वेगळं करायला माझ्याकडे काहीही नाही. नमुने सडले. प्रयोगशाळा गेली. कुठे चूक झाली ते समजलं, त्याचा आता काही उपयोग नाही.

१९ फेब्रुवारी

मॅडमना लिहिलं. "बाहेरच्या अळ्या मिसळल्या, दोन्ही पिढ्यांत. जबाबदारी माझी. कोणी आणि कसं हे विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. तासाभराने उत्तर आलं. "फार वाईट वाटलं. मुदतवाढ मागून बघते." आणखी तासाभराने, "मिळणार नाही म्हणाले."

२२ फेब्रुवारी

रविवार. इझाबेल ओरडतच अंगणातून आत आली, "ॲली, बघितलंस का? पप्पांनी उजव्या हाताने कप धरला! थोडा सांडला, पण धरला!" आई डोळे पुसत होती. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून मीही हसलो.

पप्पा म्हणाले, "त्यात काय? हात हातासारखा आहे."

मग मला विचारलं, "आज किती?"

"तीस," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग भांडी आत नेली.

१० मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. सकाळी उठतो, कॉलेजात पेशींचे भाग शिकवतो, येतो. एकतीस वर्षांचा आहे. एप्रिलपासून तासिका नाहीत. मुलाखतीत पहिला प्रश्न पदवीचा असतो. क्लेमेंट म्हणाला, दादरला माझ्याबरोबर चल, जोडीला कोणीतरी हवंच आहे. थट्टेत म्हणाला. मी थट्टेत घेतलं नाही, तेव्हा तोच ओशाळला.

२० मार्च

फुलपाखरं निघाली. काहींना डोळा आहे, काहींना नाही, काहींना अर्धा. कोणाकडून काय आलं ते मला सांगता येणार नाही, कोणालाच सांगता येणार नाही. एकावर मात्र फार सुंदर डोळा आहे, सोनेरी कडी, मध्ये पांढरा बिंदू. बराच वेळ बघत राहिलो. त्याचा काहीही उपयोग नाही.

अळीच्या पंखांचे फोटो कधी काढलेच नाहीत. कशाचे काढायचे होते?

३१ मार्च

मुदत संपली.

५ एप्रिल

ईस्टर. घर पाहुण्यांनी भरलं होतं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाला खोली दाखवायला नेत होते. "एकशे ऐंशी. थंडीत वीज गेली, चौदावर आलं, तरी एक कमी झाली नाही." कोणीतरी विचारलं, डॉक्टर कधी होतोय मुलगा? ते म्हणाले, "त्याने त्याचं काम केलं, आता त्या लोकांच्या हातात आहे." आणि माझ्याकडे बघून मान हलवली, कामावरचे दोन गडी एकमेकांना हलवतात तशी.

मी बावखलाकडे गेलो आणि तिथे बसून राहिलो. पाणी खाली गेलंय.

८ एप्रिल

ठरवलं की खोली बंद करायची. पिंजरे धुऊन माळ्यावर टाकायचे, फुलपाखरं सोडून द्यायची. आईला सांगितलं, पप्पांना अजून नाही.

ती डाळ निवडत होती. निवडतच राहिली. "सगळं संपलं का तुझं?"

"संपलं."

"मी विचारणार होते डबा देताना. विचारलं नाही." तिचा हात थांबला. "तो महिनाभर बोलला नव्हता रे माझ्याशी. त्या दिवशी म्हणाला, मार्था, झाकणाला भोकं पाडून दे, मला काम आहे."

तिच्यासमोरची डाळ मीही निवडायला घेतली. बोलण्यासारखं खूप होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुढच्या खेपेचा मका भिजत घालू का, विचारत होता सकाळी."

१० एप्रिल

मका भिजत घातला.

७ मे

नवीन अळ्या मोठ्या झाल्या. या पिढीला नंबर दिलेला नाही. त्या निरोगी आहेत, बावखलाकाठच्या रक्ताच्या असतील म्हणून असेल, मरत नाहीत. चार दिवस सगळे पिंजरे सकाळी मोजले तरी तीसच. पप्पा डबा घेऊन येतात, मोजतात, डबा तसाच घेऊन परत जातात. काल दुपारी वाडीत गेलेच नाहीत. खुर्चीवर बसून होते, उजवा हात मांडीवर.

८ मे

पहाटे साडेचारला क्लेमेंटचा टेम्पो निघतो, हल्ली मीही त्यात असतो. त्याआधी खोलीत गेलो. पिंजरा दोनमधून दोन अळ्या काढल्या, चारमधून तीन, सहामधून एक. हातावर घेऊन बावखलाच्या कडेला गेलो आणि गवताच्या पानांवर सोडल्या, वाटेपासून फार आत नाही, गुडघ्यावर बसलं की दिसतील अशा.

दुपारी दादरहून परतलो. पप्पा अंगणात उभे होते. पायजम्याला कुसळं.

"मोजल्यास का?" त्यांनी विचारलं.

आत गेलो. सहाही पिंजरे सावकाश मोजले.

"तीस," बाहेर येऊन म्हटलं.

"सगळीकडे?"

"सगळीकडे, पप्पा."